सल्ला न देण्याचं शिक्षण

(या लेखातल्या घरच्या मंडळींना लेख आधी वाचून दाखवला आहे. त्यांनी खोडायला सांगितलेलं खोडलं आहे. उरलेलं त्यांच्या संमतीनं.)

आमच्या भागात एका इंजेक्शनला फार मान आहे. लाल इंजेक्शन. बी-१२चं. रंग लाल, म्हणजे रक्त वाढणार आणि ताकद येणार, असा सरळ हिशोब. खुरपणीच्या बायका, ऊसतोडीचे गडी, डेअरीला दूध घालून परत निघालेली म्हातारी माणसं, सगळेच हक्कानं मागतात, "डॉक्टर, ते लाल द्या की." शरीरात बी-१२ खरोखर कमी असेल तर हे उत्तम औषध आहे. कमी नसेल तर ते महागडं लाल पाणी आहे. हे मला कळत नाही अशातला भाग नाही.

हे लाल इंजेक्शन मी माझ्या सख्ख्या वहिनींना नऊ वर्षं देत होतो.

वहिनी महिन्या-दीड महिन्यानं दवाखान्यात यायच्या. अंग गळून जातं, पहाटे तीनला झोप मोडते ती मोडतेच, घास घशाखाली उतरत नाही, छातीत धडधडतं. मी हिमोग्लोबिन पाहिलं, साखर पाहिली, थायरॉइड पाहिलं, दोनदा ईसीजी काढला. सगळं ठीक. मग मी म्हणायचो, "वहिनी, अशक्तपणा आहे. जरा आराम करा." घरी चार म्हशी, अंथरुणाला खिळलेली सासू म्हणजे माझीच आई, नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन आलं की रात्री-अपरात्री शेतात पाणी धरायला जाणारा नवरा. आराम काय दुकानात मिळतो? पण डॉक्टर म्हणाला आराम करा, आणि त्या म्हणाल्या बरं भावजी. इंजेक्शन टोचलं, विषय संपला.

ज्याला नाव सापडत नाही त्याला आम्ही डॉक्टर मंडळी अशक्तपणा म्हणतो. तो पेशंटचाच असतो असं नाही.

"सल्ला द्यायला काय शिकायचं असतं?"

दादांची थोरली मुलगी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाली आणि म्हणाली, मला पुण्याला जाऊन एम.ए. करायचंय, समुपदेशन घेऊन. काउन्सेलर व्हायचंय.

दादांना ते पटेना. "दोन वर्षं सल्ला द्यायला शिकणार? आपल्या पारावर बसलेली सगळी मंडळी फुकट देतात की."

मी हसलो. हसलो म्हणजे दादांच्या बाजूनं हसलो. मनात म्हटलं, मी वीस वर्षं रोज साठ माणसांना सल्ला देतोय, मला कुणी शिकवला? तरी दादांना म्हणालो, "जाऊ द्या, शिकू द्या, पुढं शाळेत नोकरी तरी लागेल." तिनं ते ऐकलं आणि काही बोलली नाही. ती तेव्हापासूनच काही न बोलण्यात हुशार असावी.

सुट्टीला आली की ती माझ्या दवाखान्यात येऊन बसायची आणि मी विचारायचो, काय शिकवतात? पहिल्या वर्षी तिनं सांगितलं ते पुस्तकी होतं. व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत, मनोविकारांची लक्षणं, संशोधन पद्धती, संख्याशास्त्र, मानसशास्त्रीय चाचण्या. मग उपचारांच्या शाळा. कार्ल रॉजर्स यांचं म्हणणं असं, की माणसाला पूर्णपणे स्वीकारणारा, खरेपणानं वागणारा आणि त्याच्या जागी जाऊन समजून घेणारा कुणी भेटला, तर तो स्वतःच स्वतःची वाट शोधायला लागतो. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली पद्धत आणखी वेगळी. माणसाला घटना जितकी छळते त्याहून जास्त त्या घटनेबद्दलचा त्याचा हट्ट छळतो. ती म्हणाली, "नाना, वाक्यातला 'च' शोधायचा. मी पास झालंच पाहिजे. लोकांनी मला मान दिलाच पाहिजे. घरच्या सुनेनं कधी थकायचंच नाही."

शेवटचं उदाहरण तिनं का निवडलं, ते माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या वर्षी गंमत सुरू झाली. तीन-तीन जणांचे गट. एक समुपदेशक, एक आपली खरी पण लहानशी अडचण सांगणारा, आणि तिसरा फक्त पाहणारा. वीस मिनिटांनी तिसऱ्यानं सांगायचं, कुठं ऐकलंस आणि कुठं फक्त आपली बोलायची पाळी यायची वाट पाहिलीस. पुढं खऱ्या माणसांबरोबर काम. त्यांची लेखी संमती घेऊन बोलणं रेकॉर्ड करायचं, घरी येऊन शब्दन्‌शब्द कागदावर उतरवायचा आणि तो कागद सुपरव्हायझरपुढं ठेवायचा. सुपरव्हायझर म्हणजे या कामात मुरलेली ज्येष्ठ व्यक्ती. ती प्रत्येक वाक्यापुढं विचारते, हे तू का म्हणालीस?

तिनं मला तिचा पहिला कागद दाखवला. समोरच्या व्यक्तीचं बोलणं तिनं काळ्या शाईनं पूर्ण झाकलं होतं, नाव तर नव्हतंच. फक्त तिची स्वतःची वाक्यं दिसत होती आणि त्यांच्याभोवती लाल पेनानं गोल काढलेले. "काळजी करू नका." गोल. "सगळं ठीक होईल." गोल. "तुम्ही असं करून बघा ना." गोल. "माझ्या एका मैत्रिणीचंही असंच झालं होतं." मोठा गोल. पानाच्या तळाशी एकच ओळ होती. त्या किती मिनिटं बोलल्या आणि तू किती, मोजून ये.

मी म्हणालो, "अगं पण ही सगळी चांगलीच वाक्यं आहेत. धीर देणारी."

ती म्हणाली, "नाना, मला त्यांचं दुःख ऐकवत नव्हतं म्हणून मी ती म्हणाले. त्यांना धीर द्यायला नाही, त्यांनी थांबावं म्हणून."

मी घड्याळाकडं पाहिलं आणि पुढचा पेशंट घेतला.

फाट्यावरची एक दुपार

आषाढात तुकोबारायांची पालखी अंथुर्ण्याचा मुक्काम आटोपून निमगाव केतकीकडं निघते. त्या दिवशी शेळगाव फाट्यावर मी दरवर्षी मांडव टाकून बसतो. पायाचे फोड, अंगदुखी, जुलाब, ताप. दोन-तीनशे वारकरी सहज होतात. त्या वर्षी पुतणी मदतीला होती.

पन्नाशीच्या एक माउली आल्या. तळपायाला मोठा फोड. पुतणी तो धुऊन पट्टी बांधत होती. माउली म्हणाल्या, "औंदा एकलीच आले." एरवी असं ऐकलं की मी म्हणतो, "असू दे माउली, पांडुरंग आहे ना बरोबर." माझ्या तोंडात वाक्य आलंही होतं. पण पुतणीनं वर पाहिलं आणि तेच शब्द हळू आवाजात परत केले. "औंदा एकल्याच आलात."

बास. एवढंच. आणि मग ती गप्प राहिली. ती शांतता माझ्या घड्याळानं अर्धा मिनिट असेल, पण रांगेत चाळीस माणसं उभी असताना अर्धा मिनिट फार मोठा असतो. मला हात शिवशिवत होते. तेवढ्यात त्या माउली बोलायला लागल्या. गेली अठरा वर्षं जोडीनं वारी केली होती. मालक चैत्रात गेले. गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या, कारण घरात सुना-मुलांपुढं रडायचं कसं. त्या तिथं रडल्या. पट्टी बांधून झाली तरी पुतणीनं पाय हातातून सोडला नाही. शेवटी त्यांनीच पदरानं डोळे पुसले, हसल्या आणि म्हणाल्या, "हलकं वाटलं गं बाई." आणि दिंडी गाठायला निघून गेल्या.

मी त्यांना काय दिलं असतं? वेदनाशामक दोन गोळ्या आणि पांडुरंग. दोन्ही चांगलेच आहेत. पण त्यांना जे सांगायचं होतं, ते सांगायला मी जागाच ठेवली नसती.

हे समुपदेशन नव्हतं, असं पुतणी नंतर स्वतःच म्हणाली. समुपदेशनाला ठरलेली जागा लागते, ठरलेली वेळ लागते आणि दोघांनी मिळून ठरवलेलं उद्दिष्ट लागतं. हे फक्त ऐकणं होतं. पण ऐकणं आलं नाही तर पुढचं काहीच येत नाही.

नऊ प्रश्न

त्याच दिवाळीत तिनं मला दवाखान्यात गाठलं. दार लोटून घेतलं.

"नाना, आईला तुम्ही कधी ते नऊ प्रश्न विचारलेत?"

पीएचक्यू-नाइन नावाची एक साधी प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का, उदास वाटतं का, झोप, थकवा, भूक, स्वतःला दोष देणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थता, आणि नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त झाले की नीट तपासणी हवी. प्रश्नावली मला माहीत होती. घरच्या माणसाला ती विचारायची असते, हे सुचलं नव्हतं.

मी वहिनींना बोलावलं आणि विचारलं. नववा प्रश्न विचारताना माझी जीभ अडखळली. अनेकांना वाटतं, विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातला जाईल. तसं होत नाही, उलट विचारल्यानं माणसाला मोकळं व्हायला वाट मिळते. हे मी वाचलेलं होतं, तरी अडखळलो. वहिनी खाली बघत म्हणाल्या, "न्हाई हो भावजी, असलं काय न्हाई." बेरीज केली. सहा.

मी विजयी मुद्रेनं पुतणीला सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, "नाना, दीर विचारतोय म्हटल्यावर घरातली सून किती सांगणार?"

आठ दिवसांनी वहिनी बारामतीला एका मनोविकारतज्ज्ञ बाईंकडं गेल्या. तेच नऊ प्रश्न. तिथला कागद वहिनींनीच नंतर माझ्यापुढं ठेवला. अठरा. आणि नवव्या प्रश्नापुढं शून्य नव्हतं. झोपावं आणि उठूच नये असं काही दिवस वाटतं, असं त्यांनी तिथं सांगितलं होतं.

प्रश्न तेच होते, बाई त्याच होत्या. फक्त विचारणारा वेगळा होता. म्हणजे नऊ वर्षं वहिनी माझ्यापासून लपवत होत्या असं नव्हे. मी त्यांचा दीर होतो, त्यांच्या सासूचा मुलगा होतो. त्यांच्या दुःखातला अर्धा भाग माझ्याच घराचा होता. तो त्यांनी मला कसा सांगायचा?

बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेनं २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमी आढळणाऱ्या मानसिक आजारांत शंभरातल्या ८५ जणांना उपचार मिळतच नाहीत, असं त्यात दिसलं. मी ते आकडे एका व्याख्यानात वापरलेही होते. वहिनी त्या ८५ जणींमधल्या होत्या, आणि त्यांच्या दिराचा दवाखाना घरापासून पाच मिनिटांवर होता.

त्या संध्याकाळी दादांनी एक काम केलं. गोठ्यातल्या फळीवरची तणनाशकाची आणि फवारणीची औषधं पेटीत घातली, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या करगोट्याला बांधली. हे सांगितलं होतं त्या डॉक्टरबाईंनी. शेतकऱ्याच्या घरात हे प्रत्येकानं करावं, कुणी उदास असो वा नसो. वाईट क्षण बऱ्याचदा थोडा वेळच टिकतो. त्या वेळात हाताशी विष नसणं, हा मोठा उपचार आहे.

"आई माझी क्लायंट होऊ शकत नाही"

गोळ्या सुरू झाल्या. त्याबरोबर समुपदेशनही हवं, असं ठरलं. दादा लगेच म्हणाले, "मग बारामतीला कशाला हेलपाटे? पोरगी शिकलीय ना? आता घरचंच माणूस हाय."

मलाही तेच वाटत होतं.

पुतणी म्हणाली, "आप्पा, मी नाही करणार."

घरात शांतता पसरली. दादांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "एवढा पैसा घातला, आन् स्वतःच्या आईला दोन शब्द सांगायचं होईना तुला?" मीही दोन वाक्यं सुनावली. ती मला आठवतात, पण इथं लिहिणार नाही.

ती रडली. पण मागं हटली नाही. "आई माझी क्लायंट होऊ शकत नाही. मी तिची लेक आहे. ती मला काय सांगेल? आप्पांबद्दल सांगेल? आजीबद्दल सांगेल? माझ्याबद्दल सांगेल? आणि तिनं सांगितलं, तर ते ऐकून मी लेक राहीन का? मला तिची लेकच राहू द्या. दोन शब्द लेक म्हणून सांगीन, रोज सांगीन. उपचार दुसरं कुणीतरी करेल."

प्रशिक्षणात याला दुहेरी नातं म्हणतात. ज्याच्याशी आपलं दुसरं नातं आहे, नातेवाईक, मित्र, शेजारी, विद्यार्थी, धंद्यातला भागीदार, त्याचा समुपदेशक होऊ नये. गावात हे पाळणं फार कठीण, कारण गावात प्रत्येक जण प्रत्येकाचा कुणीतरी असतो. पण म्हणूनच ते जास्त गरजेचं. दुसरा नियम गुप्ततेचा. खोलीत बोललेलं खोलीबाहेर जात नाही. अपवाद असतात, मुख्य अपवाद म्हणजे जिवाला धोका दिसला तर, आणि ते अपवाद पहिल्याच भेटीत सांगायचे असतात.

मला उशिरा उमगलं ते हे. मी नऊ वर्षं नेमकं हेच दुहेरी नातं चालवत होतो, आणि ते चालवतोय हे मला माहीतही नव्हतं. तिला दोन वर्षांत जे शिकवलं गेलं होतं, त्यातला मोठा भाग काय करायचं याचा नव्हताच. कुठं थांबायचं, याचा होता. आणि ते घरातल्या सगळ्यांच्या रोषापुढं उभं राहून पाळायची ताकद त्या लाल गोलांनी तिला दिली होती.

पुढं काय झालं

वहिनी दर आठवड्याला एस.टी.नं बारामतीला जायला लागल्या. तिथल्या समुपदेशक बाईंशी त्या काय बोलायच्या, ते मला माहीत नाही. आजही माहीत नाही, आणि तसंच असायला हवं.

जे दिसलं ते सांगतो. पहिले तीन आठवडे काहीच दिसलं नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. त्यांची सवय लागत नाही, पण बरं वाटलं म्हणून मनानं एकदम बंदही करायच्या नसतात. मग एके दिवशी वहिनींनी परसातल्या मोगऱ्याला पाणी घातलं. रोज तेवढंच. नंतर सकाळी शेजारणीबरोबर देवळापर्यंत फेरी. मग त्या दादांना म्हणाल्या, "दोन म्हशी इका. मला चार झेपत न्हाईत." तीस वर्षांच्या संसारात त्यांनी "झेपत नाही" हा शब्द पहिल्यांदा वापरला असावा. दादांनी विकल्या. आईचं करायला आठवड्यातले तीन दिवस बाई लावली, तिचे पैसे मी देतो. हा माझा उपचार म्हणा, की प्रायश्चित्त.

आधी बरं वाटेल आणि मग माणूस कामाला लागेल, याची वाट न पाहता आधी एखादी लहानशी, आपल्याला मोलाची वाटणारी गोष्ट सुरू करायची आणि मग मन मागून येतं, अशी ही एक पद्धत आहे. गोव्यात 'संगथ' या संस्थेनं याच पद्धतीवर केलेला अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतले मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण. समुपदेशक होते मानसशास्त्राची पदवी नसलेले, समाजातूनच निवडून शिकवलेले लोक. सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्याच्या रेषेखाली आले होते, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के.

हे वाचून मी पुतणीला चिडवलं, "बघ, पदवी नसली तरी जमतं." ती म्हणाली, "पुढचं वाचा." पुढं होतं, की त्या समुपदेशकांच्या भेटी रेकॉर्ड व्हायच्या आणि सहकारी व तज्ज्ञ मिळून त्या नियमित ऐकायचे, गुण द्यायचे, सुधारायचे. म्हणजे पुन्हा तेच लाल गोल. पदवी भिंतीवर लागते. माणूस तयार होतो तो कुणीतरी त्याचं काम ऐकून चुका दाखवत राहिल्यानं.

समुपदेशक कोण, आणि ओळखायचा कसा?

वाचक हे नेहमी विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. हा एम.बी.बी.एस.नंतर मानसोपचार हा विषय घेऊन पुढं शिकलेला डॉक्टर. गोळ्या लिहून देण्याचा अधिकार याला.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. मानसशास्त्रात एम.ए. करून पुढं दोन वर्षांचं एम.फिल., तेही मनोरुग्ण विभागात प्रत्यक्ष काम करत, ही आजवरची रूढ वाट. यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं होते. या परिषदेला १९९२ च्या कायद्यानं वैधानिक दर्जा मिळाला. यांना नोंदणी क्रमांक असतो आणि तो विचारायचा आपल्याला हक्क आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.फिल. मागं पडत आहे, त्यामुळे प्रवेश घेणाऱ्यांनी परिषदेच्या संकेतस्थळावर मान्य अभ्यासक्रमांची आणि संस्थांची यादी आधी बघावी.

समुपदेशक म्हणजे काउन्सेलर. इथं घोळ आहे. मानसशास्त्रात किंवा समुपदेशनात एम.ए. केलेली, प्रत्यक्ष कामाचा सराव केलेली व्यक्ती समुपदेशक, आणि शनिवार-रविवारचं ऑनलाइन प्रमाणपत्र घेतलेलीही स्वतःला समुपदेशकच म्हणवते. अमेरिकेत तसं चालत नाही. तिथं दोन-तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी लागते. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात आधी १०० तासांचा सराव आणि मग ६०० तासांची इंटर्नशिप असते. पदवीनंतरही देखरेखीखाली बहुधा दोन ते तीन हजार तास काम, वर परीक्षा. मग राज्य परवाना देतं. परवाना नसताना ती पाटी लावली तर कारवाई होते.

आपल्याकडं २०२१ साली संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक हेही आहेत. पण नोंदणीची घडी अजून पुरती बसायची आहे. तोवर चौकशी आपणच करायची. ती अशी करावी:

१. शिक्षण काय, कुठून? एम.ए. की नुसतं प्रमाणपत्र?

२. प्रत्यक्ष लोकांबरोबर काम किती केलं, आणि कुणाच्या देखरेखीखाली?

३. आजही सुपरव्हिजन घेता का? चांगला समुपदेशक या प्रश्नावर चिडत नाही, खूश होतो.

४. मी सांगितलेलं कुणाकुणाला कळेल?

५. गोळ्यांची गरज वाटली तर कुणाकडं पाठवता? "गोळ्या घेऊच नका, मी बोलून बरं करतो" असं कुणी म्हणालं तर उठून यावं.

आणि पहिल्या अर्ध्या तासात समोरचाच जास्त बोलत असेल, तर फी देऊन यावं, पण परत जाऊ नये.

जवळपास कुणीच नसेल तर टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे. क्रमांक १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, दिवस-रात्र आहे, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटत असेल, किंवा घरातलं कुणी तसं बोलत असेल, तर उद्यावर न टाकता आत्ता फोन करा.

शेवटी

पुतणी आता पुण्यात एका संस्थेत काम करते. पगार बेताचा आहे. दर आठवड्याला तिचं कुणीतरी ऐकतं, तिच्या चुका काढतं. पुढं क्लिनिकल सायकॉलॉजीला प्रवेश घ्यायची तिची तयारी चालू आहे. दादा आता पारावर सांगतात, "पोरगी मनाची डॉक्टर व्हतीया." ती डॉक्टर नाही, हे त्यांना समजावण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

माझ्या दवाखान्यात एक बदल झाला आहे. "अशक्तपणा" घेऊन कुणी आलं आणि रिपोर्ट सगळे चांगले आले, की मी पेन खाली ठेवतो आणि विचारतो, "घरी कसं चाललंय?" आणि मग गप्प बसतो. मला अजून ते नीट जमत नाही. दहा-बारा सेकंदांत माझा धीर सुटतो. पण त्या दहा सेकंदांतही बरंच काही बाहेर येतं, आणि जे माझ्या आवाक्याबाहेरचं असतं त्याची चिठ्ठी मी बारामतीला लिहून देतो. आमच्या नात्यातल्या माणसांना तर पहिल्याच दिवशी.

परवा वहिनी आल्या होत्या. मला वाटलं इंजेक्शन मागतात की काय. त्यांनी गुडघा पुढं केला.

"मनाचं तिकडं सांगते भावजी," त्या म्हणाल्या, "गुडघ्याचं तेवढं तुम्ही बघा."

मी गुडघा बघितला. गुडघाच दुखत होता.